न परतलेला वैमानिक आणि आपली प्रार्थना



उंद्रीच्या या ज्युबिली-स्मरणिकेंत एका वैमानिकाचें वृत्त कशासाठीं, असें कोणी विचारील. दरवर्षीं २ नोव्हेंबरास, सर्व मृतांच्या दिनीं, आपण आपल्या मृतांच्या नांवांच्या चिठ्ठ्या वेदीपाशीं ठेवितों. परंतु ज्याचें मरण कोणासच ठाऊक नाहीं, त्याचें नांव लिहावें कीं न लिहावें?

३ डिसेंबर १९७१ रोजीं सायंकाळीं पाकिस्तानी विमानांनीं आपल्या विमानतळांवर हल्ले केले व युद्धास तोंड लागलें. त्या आरंभींच्या दिवसांतच फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे पश्चिम पाकिस्तानांतील शोरकोट रोड विमानतळावर चालून गेले. ते ३२ व्या स्क्वाड्रनचे वैमानिक. त्यांचें सुखोई-७ हें रशियन बनावटीचें बाँबफेकी लढाऊ विमान, एकट्यानें चालविण्याचें. तें परत आलें नाहीं. त्याच महिन्यांत ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर' पत्रांत पांच भारतीय वैमानिक पकडल्याची वार्ता आली. त्यांत 'टॉम्बे' असें एक नांव होतें. एका घराची आशा त्या अक्षरांवर पुढें कित्येक वर्षें तगून राहिली.

पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नास दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्यांनीं दुसरा संसार मांडला नाहीं; पतीचा शोध मात्र सोडिला नाहीं. १९७२ च्या सिमला करारानंतर भारतानें ९०,००० हून अधिक बंदी परत धाडिले. पाकिस्ताननेंहि आपल्याकडील बंदी सोडिले. त्यांत तांबे नव्हते. बेपत्ता ५४ जणांची यादी तशीच राहिली. १९८३ मध्यें कांहीं नातलग मुलतानच्या तुरुंगांत जाऊन आले, २००७ मध्यें चौदा जणांनीं तेथील अनेक तुरुंग पाहिले. हातीं कांहीं लागलें नाहीं. असे बंदी आपणापाशीं नाहींत, हेंच पाकिस्तानचें उत्तर.

सात वर्षें वार्ता नसल्यास मनुष्य मृत समजावा, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. २०२४ मध्यें अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि नियम तोच. ख्रिस्तसभा याहून सावध आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचें कलम १७०७ सांगतें कीं, वैवाहिक जोडीदाराची केवळ अनुपस्थिति, ती कितीहि दीर्घ असो, पुरेशी नाहीं. साक्षी, लोकवार्ता व खुणा तपासून बिशपांची खात्री पटली पाहिजे. कित्येकांस हा नियम कठोर वाटतो. मला तो दयेचा वाटतो. कोणीं मेलेला न पाहिलेल्या मनुष्यास कागदावर मारण्याची घाई त्यांत नाहीं.

२०१९ मध्यें पुलवाम्यास आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील दोन जवान पडले. त्यांच्या पेट्या गांवीं आल्या. आप्तांस रडावयास जागा मिळाली. इंग्लंडांत रनीमीड येथें दुसऱ्या महायुद्धांतील, कबर ठाऊक नसलेल्या २०,००० हून अधिक हवाई सैनिकांचीं नांवें दगडांत कोरलीं आहेत. तेवढाहि दगड सर्वांच्या वांट्यास येत नाहीं.

मिस्सेच्या रोमी कॅननमध्यें जिवंतांचें स्मरण आधीं व मृतांचें मागाहून येतें. बेपत्ता मनुष्याचें नांव दोन्ही ठिकाणीं मनांत घेण्यास आडकाठी नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं असें नांव असेल त्यांनीं तें क्रूस न काढतां वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावें. मी तें येत्या २ नोव्हेंबरास मृतांच्या यादीपूर्वीं वाचीन.