आयांनी अडवलेला रस्ता



आजची गोष्ट परक्या देशातली असली तरी प्रश्न आपल्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो. दारासमोरची जागा कुणाची? पोरांनी खेळायची, की कुणीतरी गाडी लावून निघून जायची?

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. एवढासा, की आपल्या महाराष्ट्रात असे सात मावतील. आज तो सायकलींचा देश म्हणून जगाला माहीत आहे आणि बरेच जण म्हणतात, त्यांची रीतच तशी. आम्हालाही ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एवढ्याचसाठी, की ती रीत मध्यंतरी मोडली होती आणि ती परत आणण्यात तिथल्या आयांचा मोठा हात होता.

दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे खरोखरच सायकली पुष्कळ होत्या. युद्धानंतर हातात पैसा आला, घरोघर मोटारी आल्या. राजधानी ॲमस्टरडॅम हे जुनं शहर. गल्ल्या अरुंद आणि मधून पाण्याचे कालवे. मोटारी मावेनात. तेव्हा 1954 मध्ये शहराच्या पोलीस प्रमुखांनी सुचवलं की कालवे बुजवा, वर रस्ते आणि गाड्यांचा तळ करा. तीनशे वर्षांचे कालवे! लोकांनी ते मानलं नाही. पुढे 1967 मध्ये डेव्हिड जोकिनेन या अमेरिकी तज्ज्ञाने जुन्या वस्त्या पाडून थेट शहरात मोठा महामार्ग आणायचा आराखडा मांडला. तोही बारगळला. पण आराखडा नामंजूर झाला म्हणून गाड्या थोड्याच थांबतात? चौक भरले, कालव्याचे काठ भरले, गल्लीच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या रांगा लागल्या.

द पाइप ही तिथली कामगारांची वस्ती. घरं लहान, अंगण नाही, घरात मुलं बरीच. त्यांना खेळायला एकच जागा होती, रस्ता. तोही गेला.

1971 या एका वर्षात त्या देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं गेली. त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. फिक लांगनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर गाडीखाली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. अपघात म्हटलं की कुणाचा दोष नसतो, नशिबावर टाकून मोकळं होता येतं. त्यांनी शब्दच बदलला. लोक हलले, आणि त्याच नावाची संघटना उभी राहिली.

तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या मार्तिये फान पुटन. वय कमी आणि पदरी लहान मूल. या बायकांनी काय केलं ते ऐका. जिथे अपघात होत तिथे त्या जाऊन बसत. सायकलींचे मोर्चे काढत. एखाद्या दिवशी गल्ली बंद करून मुलांना खेळायला मोकळी करून देत. एकदा तर टेबलं रस्त्यावर मांडून सगळ्या गल्लीने तिथेच पंगत केली. आणि गंमत अशी, की पोलिसांनी त्यांना मदतच केली. पंतप्रधान योप देन ओइल यांच्या घरासमोर जाऊन त्यांनी गाणी म्हटली आणि सुरक्षित रस्ते मागितले. पंतप्रधान बाहेर येऊन ऐकून गेले. पुढे संघटनेला सरकारी अनुदान मिळालं आणि एका जुन्या दुकानात कचेरी सुरू झाली. लोक आपल्या गल्लीचे नकाशे घेऊन तिथे येऊ लागले.

द पाइपमधली पोरंही गप्प बसली नाहीत. 1972 मध्ये त्यांनी खेळायच्या जागेची मागणी केली, आडोसे लावून गल्ली बंद केली. गाडीवाले चिडले, मोठ्यांची हमरीतुमरी झाली. गाडीवाल्यांचंही कळतं हो, पण पोराला गाड्यांच्या रांगेतून वाट काढत शाळेत जावं लागतं, त्याचं काय?

सगळं श्रेय आयांना दिलं तर ते खरं होणार नाही. 1973 मध्ये तेलाची टंचाई झाली. सरकारने 4 नोव्हेंबरपासून काही रविवार खाजगी मोटारींना बंदी केली. लोक चक्क महामार्गावर चालले, सायकली फिरवल्या. मोकळा रस्ता कसा दिसतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि बायका काय सांगत होत्या ते समजावून द्यायची गरज उरली नाही.

डेल्फ्ट शहरात लोकांनी आणि पालिकेने एक नवी तऱ्हा काढली होती. तिचं नाव ‘वोनएर्फ’, म्हणजे राहतं अंगण. अशा गल्लीत फुटपाथ वेगळा नसतो. वाट मुद्दाम नागमोडी, मध्ये झाडं, बाकं. मुलांनी रस्त्याच्या सगळ्या रुंदीत खेळावं, गाडीने माणसाच्या चालीने जावं. आणि मुख्य म्हणजे, आखून दिलेल्या जागेशिवाय गाडी लावायची नाही. 1976 मध्ये हे कायद्यात आलं.

वाहन वाटून वापरायची कल्पनाही तिथे जुनी. आपल्याकडे बैलांची सावड करतात ना, तशीच. 1965 मध्ये ॲमस्टरडॅमच्या काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झालं की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण काय, तर बिनकुलपाची सायकल ठेवणं नियमात बसत नाही! ही कल्पना काढणारे लूड स्खिमेलपेनिंक यांनी 1974 मध्ये विजेवर चालणाऱ्या छोट्या सामाईक मोटारीही आणल्या. 1986 मध्ये त्या बंद पडल्या. पण आज तिथल्या रेल्वे स्थानकांवर भाड्याची सायकल मिळते. गाडीतून उतरा, सायकल घ्या, कामावर जा. स्वतःची मोटार लागत नाही, म्हणजे ती लावायला जागाही लागत नाही.

त्या जागेचं भांडण मात्र लांबलं. 1992 मध्ये ॲमस्टरडॅमकरांनी शहरातल्या मोटारी कमी करायच्या का यावर मतदान केलं. निसटत्या बहुमताने कौल ‘हो’ असा आला. गाडी लावायला पैसे, रहिवाशांना मोजके परवाने, असं हळूहळू घट्ट होत गेलं. 2019 मध्ये ठरलं की 2025 पर्यंत रस्त्यांवरच्या दहा हजारांहून जास्त गाड्यांच्या जागा काढायच्या. 1971 मध्ये चारशेहून जास्त मुलं गेली होती, 2010 मध्ये देशभरात चौदा. चौदा घरांसाठी तेही फारच.

द पाइपमध्ये 2018 साली एका कालव्याच्या पाण्याखाली सुमारे 600 गाड्यांचा तळ उघडला. खर्च मोठा आहे, सगळ्यांना झेपणारा नाही. पण ज्या शहरात गाड्यांसाठी कालवे बुजवा म्हणत होते, तिथे कालवा राहिला आणि गाड्या त्याच्या खाली गेल्या. वरच्या गल्ल्यांतल्या गाड्यांच्या रांगा निघाल्या. तिथे आता झाडं, बाकं आणि सायकली आहेत.