ड्रमसेटला ट्रिगर मॉड्यूल घेताय? आधी ऑक्टापॅडची मागची बाजू बघा

वाकोल्यातल्या बँजो पार्टीत वाजवताय आणि साध्या ड्रममधून ऑक्टापॅडसारखे आवाज हवेत? कडेला बसवलेला ट्रिगर ड्रमच्या पानाची थरथर टिपतो आणि मॉड्यूल त्यावरून आवाज काढतं.

आधी किती ड्रमना ट्रिगर लावायचे, ते मोजा. फक्त किक आणि स्नेअर असेल तर रोलँड टीएम-२ च्या २ इनपुटवर भागतं. ते पेन्सिल सेलवरही चालतं, मिरवणुकीत सोयीचं. पूर्ण सेटसाठी ६ इनपुटचं टीएम-६ प्रो बघा.

पण पार्टीकडे एसपीडी-३० ऑक्टापॅड असेल, तर त्याच्या मागेच ट्रिगर जोडता येतात. मग नवा खर्च कशाला?

किक मारल्यावर स्नेअरही वाजला तर ‘क्रॉसटॉक कॅन्सल’ वाढवा, एका फटक्याला दोनदा वाजला तर ‘मास्क टाइम’. हे मिरवणुकीत नाही, तालमीतच करा.