नदीपात्राकडून खाणीकडे : भोर-वेल्ह्यातील वाळूव्यवसायाची वाटचाल

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. या खडकात क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने काचकारखान्यांना आणि ओतशाळांना लागणारी सिलिका वाळू येथे मिळत नाही. महाराष्ट्रात ती सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरासारख्या ठिकाणी निघते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांतील काळपट वाळू केवळ बांधकामाच्या उपयोगाची, आणि डोंगरउतारावरच्या पात्रांत गोटे जास्त असल्याने तीही बेताचीच. त्यामुळे येथील वाळूव्यवसाय एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने वाढला नाही; बाहेरची मागणी आणि स्थानिक तुटवडा यांच्या ताणातून ठेकेदार, वाहतूकदार आणि खाणपट्टेधारक यांची साखळी तयार होत गेली.

पंतसचिवांच्या भोर संस्थानात वाळूचा वापर मुख्यतः वाडे, देवळे आणि घाट यांपुरता होता. चुनखडी भाजून विरवलेला चुना आणि वाळू गोलाकार दगडी चरात घालून बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली मळत, आणि या घाण्यातून निघालेला चुना दगडांच्या सांध्यांत भरत. या कामाचे प्रमाण बदलले ते धरणांमुळे. वेळवंडीवर भाटघर येथे 1881 ते 1892 या काळात पहिले दगडी धरण झाले आणि पुढे 1920च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी अधिक उंचीचे लॉइड धरण उभे राहिले. गावकीच्या गरजेपुरती लागणारी वाळू आता सरकारी बांधकामाचे साहित्य ठरली, आणि ती मोजून, वाहून, ठेक्याने पुरवण्याची पद्धत रूढ झाली.

8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाल्यानंतर वेल्ह्यात पानशेतचे मातीचे धरण आणि वरसगावचे धरण बांधण्यात आले. मातीच्या धरणात भरावातून झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत न घेता बाहेर पडावे म्हणून आत प्रतवारी केलेल्या वाळूचा गाळणी-थर घालावा लागतो. म्हणजे अशा धरणांची सुरक्षितताही वाळूवर अवलंबून असते. 12 जुलै 1961 रोजी काम अपुरे असताना पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरची धरणांची पुनर्बांधणी, शहराची फेरउभारणी आणि वाढ यांनी वाळूची मागणी आणखी चढवली. उलट प्रत्येक जलाशय वरून येणारी वाळू स्वतःच्या तळाशी अडवून ठेवत होता, त्यामुळे धरणाखालच्या पात्रात उपसलेल्या वाळूची भर पूर्वीइतकी पडेना.

कायद्याने वाळू हे गौण खनिज, म्हणजे 1957च्या खाण कायद्यानुसार ज्याचे नियम राज्य सरकार करते असे खनिज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 48 नुसार खनिजांवर राज्याचा हक्क असतो. म्हणून वाळूघाटाचा लिलाव, ब्रासवर (100 घनफूट) आकारले जाणारे स्वामित्वधन आणि वाहतूक परवाना ही या व्यवसायाची चौकट बनली. परवान्याविना भरलेला ट्रॅक्टर किंवा डंपर तहसीलदाराच्या पथकाने अडवला, की पंचनामा, दंड आणि वाहनजप्ती हा क्रम ठरलेला असतो. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केल्यावर लहान वाळूघाटांचे लिलाव सोपे राहिले नाहीत.

याच ओढाताणीत खडीच्या खाणी पुढे आल्या. पूर्वी वडार समाजातील कारागीर पहार आणि घणाने दगड फोडत. नंतर सुरुंगाने सुटलेला डबर जबड्याच्या क्रशरमध्ये जाऊ लागला. क्रशरमधून निघणारी कच प्रारंभी टाकाऊ मानली जाई, कारण तिच्यात चपटे कण आणि धूळ अधिक असते. उभ्या दांड्यावर वेगाने फिरणारे यंत्र दगडावर दगड आपटवून कणांच्या कडा गोलसर करते, 4.75 मिलिमीटरची चाळण जाडे तुकडे वेगळे करते आणि धुण्याच्या टप्प्यात जास्तीची धूळ निघून जाते. अशा रीतीने तीच कच काँक्रीटच्या दर्जाची कृत्रिम वाळू, बोलीभाषेत ‘क्रश सँड’, ठरली. पुणे-सातारा महामार्गाच्या सहापदरीकरणासारख्या कामांनी आणि पुण्याच्या विस्ताराने तिला जवळचे गिऱ्हाईक मिळाले. भारतीय मानक 383 च्या 2016च्या आवृत्तीत अशा वाळूच्या कसोट्या स्पष्ट झाल्या, आणि मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर करून तिचे स्वामित्वधन ब्रासला 600 रुपयांवरून 200 रुपयांवर आणले.

या बदलाने नदीपात्रांवरील भार हलका होण्याची शक्यता निर्माण झाली, पण तो नाहीसा झालेला नाही. त्यातला काही भाग डोंगरउतारांवर, सुरुंगांच्या हादऱ्यांवर आणि अवजड वाहनांच्या रस्त्यांवर सरकला आहे. शिवाय पात्रातील वाळू पावसाळ्यागणिक थोडीतरी भरून येते, फोडलेला कडा मात्र पुन्हा उभा राहत नाही. म्हणून या दोन तालुक्यांत आता पात्रातून किती वाळू उचलावी याइतकाच कोणता डोंगर आणि किती खोल फोडावा हा महसूल प्रशासनाचा प्रश्न झाला आहे.