तीन चौकोनी पिनांची गोष्ट



इंग्लंडला निघालेली लेक किंवा सून बॅग भरताना हमखास विचारते, "आपला मिक्सर तिथे चालेल का?" लेस्टरला निघालेल्या माझ्या भाचीनेही विचारले. उत्तरामागे बराच इतिहास आहे.

आपला गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिशच. तिकडे २, ५ आणि १५ अँपिअरचे वेगवेगळ्या मापांचे गोल प्लग असत. त्यांतल्या ५ आणि १५ चेच वंशज आपले आजचे ६ आणि १६ अँपिअरचे प्लग. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने युद्धानंतरच्या घरांसाठी वीजजोडणीचा विचार सुरू केला. १९४२ साली नेमलेल्या २० जणांच्या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅसलेट. गृहिणींना वीज समजावून सांगणाऱ्या महिला संघटनेच्या त्या संचालिका. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटच्या छिद्रांवर झडप हवी, असे समितीने सुचवले. अर्थची लांब पिन आधी आत गेली की झडप उघडते. १९४७ मध्ये हे चौकोनी पिनांचे मानक आले. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि गोल पिनाच वापरत राहिलो.

तेव्हा तांब्याची टंचाई होती. म्हणून तिथे एकाच वर्तुळाकार तारेवर घरातले अनेक सॉकेट जोडू लागले. त्या तारेचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, मग मिक्सरची बारीक वायर कोण सांभाळणार? त्यासाठी प्रत्येक प्लगमध्येच छोटा फ्यूज बसवला. आपल्या प्लगमध्ये तो नसतो.

आता भाचीला दिलेले उत्तर. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून मिक्सर चालेल. पण अडॅप्टर फ्यूज असलेला आणि अर्थ जोडणाराच घ्यायचा. झडप पेनाने उघडून दोन पिनांचा प्लग कधीही घुसवायचा नाही. कायम राहायचे असेल तर जाणकाराकडून तिथलाच प्लग बसवून घ्यावा, ७५० वॅटच्या मिक्सरला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

लेस्टरमध्ये डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घरात तेव्हा मिक्सर, किटली, इंडक्शन शेगडी एकदमच सुरू होतात. ती सगळी एका एक्स्टेंशनवर नकोत. १३ अँपिअर म्हणजे जेमतेम ३००० वॅट, एवढे तर किटलीच खाते.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपला मिक्सर तिथे कण्हत फिरेल, डाळ काही वाटली जाणार नाही. मोबाईलच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेले असते, तो कुठेही चालतो. मिक्सर तिथलाच घ्यावा.

बॅगेत काहीही टाकण्याआधी त्याच्या तळाशी लिहिलेले व्होल्ट आणि वॅट वाचा. यत्नाचार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?