राखणदाराचे पोट कोणाच्या हाती, न्यायाधीशाचे वेतन कोणाच्या? : विधिमंडळातील डॉ. आंबेडकर

१/ कोल्हापूरच्या शिवाजी पेठेपासून बिंदू चौक फार दूर नाही. तेथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच, उभारले गेले. या पुतळ्यासमोर घटनाकार आठवतात. कायदे कौन्सिलात वेतनाचा आणि खर्चाचा प्रश्न मांडणारे सभासद आंबेडकर मात्र क्वचितच आठवतात.

२/ प्रश्न दिसायला साधा होता. जो रक्षण करतो आणि जो न्याय देतो, त्याला पैसे कोणाच्या हातून मिळतात? देणारा हात उद्या आखडला, तर त्याचे कर्तव्य टिकेल काय? आंबेडकरांच्या संसदीय कार्यात हा प्रश्न दोन टोकांना भेटतो : गावाच्या वेशीवर आणि उच्च न्यायालयात.

३/ आधी वेस पाहू. खाजगी सुरक्षा कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलखातील गावांना राखणदार होते. वेशीवर वेसकर, रात्रीच्या गस्तीला जागल्या. महार वतनदाराकडे राखणीखेरीज सरकारी वसूल पोहोचवणे, निरोप नेणे, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करणे अशी कामांची न संपणारी यादी असे. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार देण्याची सोयही नव्हती.

४/ मोबदला तीन वाटांनी येई : वतनाची थोडी जमीन, सरकारकडून मिळणारी तुटपुंजी रक्कम आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. मेख या तिसऱ्या वाटेत होती. राबवून घेणार सरकार आणि पोट भरणार गावकरी. महारांनी पाणवठ्याचा हक्क मागितला किंवा अपमानाची कामे नाकारली, की गाव बलुते बंद करी. राखणदाराची उपजीविका हेच त्याला नमवण्याचे हत्यार होते.

५/ १९२७ मध्ये आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ‘महार वतन बिल’ म्हणून ते ओळखले जाते.

६/ विधेयकाची दिशा स्पष्ट होती. ज्याला सेवेतून मुक्त व्हायचे असेल, त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन आपल्याकडे राखावी. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावी. कामे निश्चित व्हावीत. गावकऱ्याच्या खळ्यावर पदर पसरणारा राखणदार आणि ठरलेले वेतन घेणारा नोकर यांत जो फरक असतो, तो त्यांना कायद्यात आणायचा होता.

७/ ही कल्पना कोल्हापूरला अपरिचित नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्येच आपल्या संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या होत्या. दोन वर्षांनी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, माणगाव येथे आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेला महाराज स्वतः उपस्थित राहिले. परंतु महाराजांना जे वटहुकमाने साधता आले, ते आंबेडकरांना बहुमताने साधायचे होते.

८/ ते साधले नाही. विधेयक निवड समितीकडे गेले, विरोधात अडकले आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने मुंबई राज्यात कायद्याने संपली ती १९५९ मध्ये. तेव्हा बाबासाहेबांना जाऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

९/ आता दुसरे टोक. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी नवे कलम सुचवले : न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग करावी, तीही तीन वर्षांच्या आत. सारा वसूल करणारा अधिकारीच दंडाधिकारी म्हणून शिक्षाही सुनावतो, ही जुनी तक्रार त्यामागे होती. दुसऱ्याच दिवशी मुदतीचा उल्लेख त्यांनीच गाळला. उरले ते आजचे कलम ५०. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

१०/ मात्र अधिकार अलग केले तरी तिजोरीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. संविधानाचे उत्तर असे : उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन (कलम २०२) आणि न्यायालयाचा प्रशासकीय खर्च (कलम २२९) राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ राहील. अर्थसंकल्पात खर्चाचे दोन रकाने असतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चाला सभागृहाची मंजुरी लागते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाचे वेतन रोखण्याची वाट येथे बंद होते.

११/ ही व्यवस्था आंबेडकरांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. १९३५च्या कायद्यातही तिचे रूप होते. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ती प्रजासत्ताकाच्या संविधानात नेली. तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी. हे कवच उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरते आहे. सामान्य माणूस ज्या तालुका आणि जिल्हा न्यायालयाची पायरी चढतो, त्याचा खर्च आजही बहुतांशी दत्तमत रकान्यात असतो. इमारत, कर्मचारी, नवी न्यायालये यांसाठी सरकारच्या तरतुदीकडेच पाहावे लागते.

१२/ राखणदाराच्या बाजूनेही कायदा पुढे आला. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाचे वेतन मालक मंडळाकडे भरतो आणि मंडळ ते रक्षकाला देते. राखण ज्याची, त्याच्या मर्जीवर राखणदाराचे पोट नसावे, हेच १९२८च्या विधेयकाचे मर्म होते. १९८१च्या कायद्याने त्या विधेयकाचा आधार घेतला असे नव्हे. पण दोन्हींना पडलेला पेच एकच आहे.

१३/ १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची चार दशकांहून जुनी मागणी त्याने पूर्ण केली. शिवाजी पेठेतील पक्षकाराची मुंबईची वारी त्यामुळे टळली. ‘न्याय दारी आला’ असे आपण सहज म्हणतो. पण तो दारी टिकतो तो इमारत, कर्मचारी आणि वेतन यांच्या तरतुदीवर.

१४/ इतिहास वाचताना आपण हक्कांची कलमे पाठ करतो आणि खर्चाची कलमे ओलांडून जातो. आंबेडकरांनी दोन्ही सारख्याच आस्थेने हाताळली. बलुत्यावर जगणाऱ्या वेसकराला नकाराचा हक्क कागदावर देऊन भागत नाही, हे त्यांनी १९२८ मध्ये सभागृहाला सांगितले होते. वेतन सुरक्षित नसेल, तर न्यायाधीशाचे स्वातंत्र्यही तितकेच कागदी ठरते.