घरचा डॉक्टर आणि आपले नियम

उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ नवव्या शतकातला. १९४० साली सोलापुरात तो वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींच्या हिंदी अनुवादासह छापला गेला. यातल्या औषधांत मद्य, मांस, मध नाही. औषधालाही मांस लागत नाही, हे आचार्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत वैद्यांपुढे मांडलं, असं ग्रंथातच आलं आहे. म्हणजे रोग्याचे नियम सांभाळून उपचार करायचे, हा विचार आपल्याकडे हजार वर्षांहून जुना.

बेळगावात आमच्या घरी एकच डॉक्टर वर्षानुवर्षं टिकले, ते याच कारणाने. हाताला गुण होता हे खरंच, पण गुण दुसऱ्यांच्या हातालाही होता की! सासूबाईंना मधुमेह, त्यात सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी मला विचारायचे, “वहिनी, काकूंचं संध्याकाळचं जेवण किती वाजता उरकतं?” गोळी त्या वेळेला बांधून द्यायचे. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. त्यामुळे जमेल तिथे ते साधी गोळीच देत.

दशलक्षण पर्व जवळ आलं की आधी दवाखान्यात जाऊन यायचं, हा घरचा रिवाज. एके वर्षी ते म्हणाले, “काकू, यंदा उपास नको, एकाशन करा. गोळीही मी कमी करतो.” सासूबाईंनी मुकाट्याने ऐकलं. मुलाचं ऐकलं असतं? छे!

मधे एकदा त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे उपासाचं नाव काढताच त्यांना रागावले. पुढच्या खेपेला त्यांनी उपास सांगितलाच नाही. मधुमेहाची गोळी चालू आणि पोट रिकामं, म्हणजे साखर एकदम खाली जायची भीती. रोग्याने डॉक्टरापासून लपवायला सुरुवात केली, की मोठ्या मशीनचा काय उपयोग?

या टिकण्यात सगळी श्रद्धाच होती, असंही नाही. दवाखाना पायी जाण्याजोगा, पैसे मागून दिले तरी चालायचे. आणि आम्हा बायकांची काही दुखणी त्यांच्यापुढेही ओठावर आली नाहीत. ती मैत्रिणींतच राहिली.

ते डॉक्टर आता थकले, दवाखाना बंद झाला. नव्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. सुनेने पहिल्याच दिवशी फाईलच्या वर लिहून दिलं: रात्री काही नाही, मध नाही, कॅप्सूल नको. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, “आणि चातुर्मासात?”