कांदेनवमी आणि कर्करोग

आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, थालीपीठं हाणायची आणि चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य! इकडे लासूर-वैजापूरच्या बाजारात मात्र कांद्याचे ढीग. (गंमतच म्हणायची.)

लसूण ठेचला की अ‍ॅलिसिन तयार होतं, तो उग्र वास त्याचाच. १९४४ साली अमेरिकेत ते वेगळं काढलं. १९८९ मध्ये चीनच्या शांडोंगमध्ये आढळलं, की कांदा-लसूण भरपूर खाणाऱ्यांत जठराचा कर्करोग कमी. मग १९९५ पासून तिथे लोकांना सात वर्षं लसणाच्या गोळ्या दिल्या. २००६ च्या अहवालात फरक दिसला नाही. २०१९ च्या अहवालात मात्र या रोगाचे मृत्यू कमी दिसले.

पण हे सगळं रोग होण्याआधीचं. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी गाठ लागल्यावर लसूण खात सहा महिने घालवले, मग आमखास मैदानाजवळच्या कर्करोग रुग्णालयात गेल्या.